घाटातल्या जंगलासाठी आईच्या नावाने दिलेली देणगी : माझा अनुभव

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा आई माझ्याकडेच राहत होती. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले आणि पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. त्या दिवसांत आमच्या गल्लीत टँकर आला, की आई भरलेल्या पहिल्या घागरीला हळदकुंकू लावी आणि मगच ती घरात नेई. हे पाणी कुठले, असे तिने विचारले तेव्हा मी ‘कृष्णेचे’ म्हणाले. त्यावर तिचा पुढचा प्रश्न होता, “अन् कृष्णेत कुठनं येतंय?” मी भूगोल शिकवत असे, त्यामुळे महाबळेश्वरचे डोंगर, कोयनेच्या खोऱ्यातले जंगल आणि कऱ्हाडचा संगम हे सगळे मी तिला सांगितले. वर्षानुवर्षे फळ्यावर काढलेला तो नकाशा मी त्या दिवशी प्रथमच आपल्या घरापर्यंत आणून जोडला.

जानेवारी २०२३ मध्ये आई गेली. वर्षश्राद्धाचे जेवण घरापुरते ठेवावे आणि तिच्या पासबुकातील शिलकेतून ५१,००० रुपये सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलासाठी द्यावेत, असे मी सुचवले. दादाला ते लगेच पटले नाही. “आपल्या शिवारात सावलीला झाड न्हाई अन् तू पैसा तिकडं घाटात कशाला पाठवालीस?” असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण आपल्या मराठवाड्याचे पाणी पाहिले, तर गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि पैठणच्या नाथसागरात येणारे बरेचसे पाणी नाशिककडच्या घाटात पडलेल्या पावसाचे असते. आपण पर्जन्यछायेत राहतो. ढग रिते होतात ते पलीकडच्या उतारांवर. तेथील जंगल तुटले, तर पाऊस पडूनही पाणी मुरत नाही. दादाने यावर वाद घातला नाही, पण ‘संस्था नीट बघून घे’ एवढे बजावले, आणि खरे काम तेथूनच सुरू झाले.

माझ्या मनात आधी ॲमेझॉनचे जंगल होते, कारण २०१९ मधील आगींची दृश्ये मी विसरले नव्हते. परदेशातील संस्थेला देणगी पाठवता येते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली बँकेत अर्ज भरून पैशाचा उद्देश लिहून द्यावा लागतो आणि बँकेचे शुल्क वेगळे पडते. अशा देणगीवर प्राप्तिकराची, तेव्हाच्या ८० जी कलमाखालील, वजावट मिळत नव्हती. तो मार्ग मी सोडला त्याचे कारण मात्र कर नव्हे. त्या जंगलात माझे पाऊल कधी पडणार नव्हते आणि मला पैसे देण्याआधी जागा डोळ्यांनी पाहायची होती. पश्चिम घाटातील ३९ स्थळे २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत आपल्या महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत. एवढ्या मोलाचे जंगल लातूरहून एका रात्रीच्या प्रवासावर असताना दूर पाहण्याची गरज मला वाटली नाही.

पहिल्या एका संस्थेशी बोलताना माझी निराशा झाली. एका झाडाला ठरावीक रक्कम आणि देणगीदाराच्या नावाचे प्रमाणपत्र लगेच, अशी त्यांची योजना होती. कोणती झाडे लावता, असे विचारल्यावर आलेल्या यादीत गुलमोहर, सिल्व्हर ओक आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ होती. यांतले एकही झाड सह्याद्रीचे नाही. आपल्या घाटमाथ्याचे सदाहरित जंगल जांभूळ, अंजनी आणि पिसा यांचे. त्यात हिरडा, बेहडा, रातांबा येतात. तीन वर्षांपूर्वी लावलेल्या रोपांपैकी किती जगली, या प्रश्नाला त्यांच्याकडून उत्तर आलेच नाही. मुलांना परीक्षेला बसवून निकाल लपवावा तसे हे मला वाटले आणि मनापासून राग आला.

त्यानंतर मी वाचायला बसले. तमिळनाडूत अन्नमलाई डोंगरातील वालपराई येथे नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन ही संस्था चहा-कॉफीच्या मळ्यांमध्ये उरलेले वर्षावनाचे तुकडे जवळपास पाव शतक पूर्ववत करते आहे. घाणेरीसारखी परकी झुडपे काढणे, स्थानिक झाडांची रोपे रोपवाटिकेत वाढवणे आणि ती लावल्यावर काही वर्षे त्यांच्याभोवतीचे तण काढत राहणे, असे ते काम आहे. आपल्याकडे कोकणात आणखी एक अडचण असते : पुष्कळ जंगल खासगी मालकीचे आहे, आणि घरात लग्न किंवा आजारपण निघाले की ठेकेदार दारात उभा असतो. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने अशा मालकांशी जंगल न तोडण्याचे करार केले आहेत आणि हिरडा-बेहड्याच्या फळांना चांगला भाव मिळावा म्हणून फेअरवाइल्ड हे, रानातला माल जपून गोळा केल्याचे, प्रमाणपत्र आणले आहे. हे वाचल्यावर माझे मत बदलले. नवी रोपे लावण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, उभे जंगल उभे ठेवण्यासाठी पैसे लागतात, हे मला तोवर उमगले नव्हते.

शेवटी मी जी छोटी संस्था निवडली, तिची कागदपत्रे आधी मागवली. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, ८० जीची मंजुरी आणि तिची मुदत, नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावरील क्रमांक आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, असे सगळे त्यांनी आठवडाभरात पाठवले. हिशेबात मी पगार आणि प्रवास यांचा खर्च शोधला, आणि तो दिसला याचे मला समाधान वाटले, कारण तण उपटणाऱ्या बायकांची मजुरी जेथे लिहिलेली नसते तेथे तण कोण काढते, हा प्रश्न उरतोच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी आणि दादा संगमेश्वर तालुक्यातील त्यांची जागा पाहून आलो. बाहेरचा जांभा कातळ तापलेला होता आणि गवत वाळून पिवळे पडले होते. शंभर पावलांवर जुन्या झाडांची सावली सुरू झाली आणि तेथील बाईंनी दादाला पाचोळ्यात हात घालायला सांगितले. वरची पाने कुरकुरीत होती, त्याखालची मऊ, आणि त्याखाली काळा भुगा; दादाने मूठ बाहेर काढली तेव्हा ती ओली होती. पावसाळा संपून चार महिने झाले होते. आमच्या रानात त्या महिन्यात जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा असतात. दादा बराच वेळ ती मूठ उघडून पाहत राहिला. रानमोडी हे परके झुडूप उपटून मोकळ्या केलेल्या पट्ट्यात गुडघ्याएवढी बेहड्याची रोपे होती. त्यांना किमान तीन वर्षे राखावे लागते, असे त्या बाई म्हणाल्या. म्हणून आम्ही तेथेच ठरवले, की सगळी रक्कम एकदम न देता दरवर्षी १७,००० याप्रमाणे तीन हप्त्यांत द्यायची. संस्थेलाही ते सोयीचे वाटले, कारण लागवडीच्या वर्षी देणगी येते आणि निगराणीच्या वर्षांत ती आटते, असा त्यांचा अनुभव होता.

पहिला हप्ता मी मार्च २०२४ मध्ये बँकेतून पाठवला. दोन हजारांवरील रोख देणगीला वजावट मिळत नाही, हे येथे सांगून ठेवते. संस्थेने पावती लगेच दिली, परंतु फॉर्म भरताना माझ्या पॅन क्रमांकात ‘ओ’ या अक्षराच्या जागी मी शून्य टंकले होते. तेव्हाच्या नियमानुसार संस्था ३१ मेपर्यंत प्राप्तिकर खात्याला १०-बीडी हे देणग्यांचे विवरण देई आणि त्यावरून देणगीदाराचे १०-बीई प्रमाणपत्र निघे. माझे त्या चुकीमुळे अडले. संस्थेने दुरुस्तीचे विवरण भरले आणि मग प्रमाणपत्र मिळाले. हिशेब केल्यावर मला नवी करप्रणाली फायद्याची ठरली, आणि तीत ८० जीची वजावट नव्हतीच. तरीही प्रमाणपत्र मिळेपर्यंत मी पाठपुरावा सोडला नाही, कारण त्यामुळे हे पैसे संस्थेच्या अधिकृत नोंदीत आले.

जून सुरू झाला, की दादा आता आमच्या शिवारातल्या पावसाआधी तिकडचा पाऊस विचारतो. दुसरा हप्ता मार्च २०२५ मध्ये भरला. त्या वेळी पॅन क्रमांकाचे एकेक अक्षर त्याने मोठ्याने वाचले आणि मी टंकले.