दगड कापायला हात कसा धजावतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माझा संग्रह पाहून झाला की बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात, की लाखो वर्षांपूर्वी घडलेला दगड करवतीखाली धरायला तुमचा हात धजावतो तरी कसा? प्रश्न रास्त आहे, आणि पुष्कळ दगडांच्या बाबतीत तो धजावत नाहीच. फ्लोराइट या खनिजाचा रेखीव घन किंवा टोक शाबूत असलेला गारेचा (क्वार्ट्झचा) स्फटिक मी कधीही कापत नाही, कारण त्याचे पैलू वाढतानाच पडलेले असतात.

अकीकाचे (अ‍ॅगेटचे) तसे नाही. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि पुढे त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या सिलिकायुक्त पाण्यातून आतल्या भिंतीलगत थरावर थर बसत जातात. बाहेरून मात्र तो गोळा मातकट आणि खडबडीत दिसतो. न कापता ठेवला, तर ते थर कुणालाच दिसणार नाहीत.

कडेला हिऱ्याची भुकटी बसवलेली चकती गोळ्यातून सावकाश पुढे सरकते. तिच्यावर पाण्याची धार अखंड हवी, कारण कोरडा काप तापतो आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. दोन्ही अर्धे सुटले की त्यांवरचा करडा गाळ मी अंगठ्याने धुऊन काढते, आणि त्याखालून वर्तुळामागून वर्तुळ उमटू लागते, क्वचित अगदी मध्यभागी स्फटिकांनी वेढलेली छोटी पोकळीही सापडते. त्या क्षणासाठी मी हा छंद जपला आहे.

पुढचे काम चिकाटीचे आहे. खनिजतज्ज्ञ मोह्स यांनी 1812 मध्ये मांडलेल्या एक ते दहा अशा काठिण्यश्रेणीत अकीकासारखे गारेच्या कुळातले खनिज सातव्या क्रमांकाच्या आसपास येते, म्हणजे पोलादी पात्याचा ओरखडाही त्यावर उठत नाही. म्हणून सिलिकॉन कार्बाइडच्या 80, 220, 600 अशा बारीक होत जाणाऱ्या भुकटीने ते घासावे लागते, आणि झिलई शेवटी सिरियम ऑक्साइडने येते. मधल्या धुण्यात जाड भुकटीचा एक कण जरी राहिला, तरी त्याचा चरा थेट झिलईपर्यंत पिच्छा पुरवतो. जर्मनीतील इडार-ओबरश्टाइनचे कारागीर हेच काम पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या वाळूखडकाच्या प्रचंड चाकांवर, पालथे पडून अंगाच्या जोराने करीत; त्यांच्याविषयी मला नितांत आदर वाटतो.

कापण्याआधी पाहणे मात्र सर्वांत महत्त्वाचे. लॅब्राडोराइट या करड्या दगडाची निळी झाक आतल्या अतिसूक्ष्म थरांमुळे ठरावीक दिशेनेच दिसते, आणि काप त्या थरांना समांतर गेला नाही तर हाती निस्तेज करडा तुकडा उरतो. सुरुवातीला घाईने मी असा एक चांगला दगड वाया घालवला, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. आता मी दगड ओला करून उजेडात पुन्हा पुन्हा फिरवते. सध्या खिडकीत एक आहे. त्याची झाक कोणत्या बाजूने येते ते सापडले आहे, पण एक चीर तिला आडवी जाते, म्हणून त्याला अजून करवत लावलेली नाही.