उद्यमबागच्या पॅटर्नवरची अक्षरं : आमची वाटचाल

बेळगावात फाउंड्रीचं काम म्हटलं की उद्यमबाग आलंच. आमचे बाबा तिथे पॅटर्नमेकर होते. धातू ओतायच्या वाळूच्या साच्यात ज्याचा ठसा घेतात तो नमुना म्हणजे पॅटर्न. सागवानावर काम करताना त्यांच्या हातात बिडासाठीची (ओतीव लोखंडासाठीची) वेगळी पट्टी असायची, नेहमीच्या पट्टीपेक्षा किंचित लांब मापांची. बीड थंड होताना सुमारे १ टक्का आकसतं, म्हणून १०० मिलिमीटरच्या पार्टला पॅटर्न १०१ चा. ॲल्युमिनियमला त्याहून थोडं जास्त धरायचं. हा हिशेब आम्ही भावंडं पाढ्यांसारखा शिकलो.

आमचा धंदा उभा राहिला तो पॅटर्नवरच्या अक्षरांवर. कास्टिंगवर पार्ट नंबर आणि कंपनीचं नाव उठून दिसतं, ते आधी पॅटर्नवर चिकटवावं लागतं. बाजारात तयार अक्षरं मिळतात, पण ठरावीक मापांची. कारखानदाराचा लोगो त्यांत बसत नाही. त्यासाठी आम्ही ३०१८ जातीचं छोटं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर कोरणारं मशीन घेतलं, ३०० बाय १८० मिलिमीटर टेबलाचं, हौशी लोक घेतात ते. व्ही बिटने (व्ही आकाराच्या टोकदार पात्याने) अक्षराभोवतीचं ॲक्रिलिक काढलं की अक्षराच्या बाजू आपोआप उतरत्या होतात. असा उतार असला की पॅटर्न उचलताना वाळू ढासळत नाही. बाबांनी पहिलं अक्षर अंगठ्याने चाचपून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मोल्डरांना (वाळूचे साचे करणाऱ्यांना) दाखवायला घेऊन गेले.

मशीन चालवायला घरी होता तो जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स. चित्रांचे मोठे प्रोग्रॅम त्यावर रखडायचे, म्हणून धाकट्या भावाने सरळ टर्मिनल (हुकूम टाइप करायची खिडकी) उघडलं. या मशीनच्या बोर्डात मोटरी चालवणारा जीआरबीएल नावाचा प्रोग्रॅम असतो. सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९ मध्ये सुरू केलेलं हे फर्मवेअर कोणालाही मोफत वापरता येतं. सिरियल पोर्टचा वेग ११५२०० ठेवला की मशीनशी थेट बोलता येतं. दोनदा डॉलरचं चिन्ह ($) टाइप केलं की सगळ्या सेटिंग्ज समोर येतात. डॉलर १०० म्हणजे एक्स अक्षाला एका मिलिमीटरमागे मोटरच्या किती स्टेप्स (टप्पे). आमच्या मशीनला ८००. मोटरच्या एका फेरीला ३२०० मायक्रोस्टेप्स आणि स्क्रूची चाल ४ मिलिमीटर, म्हणून ८००. मशीन अमुकच अंतर का सरकतं, ते या एका भागाकारात कळतं. बीड आकसण्याची टक्केवारी याच आकड्यात घालून टाका, असं एकाने सुचवलं होतं. आम्ही ते कधीच करत नाही. मशीनचं माप खरंच राहिलं पाहिजे. आकुंचन धरायचं ते ड्रॉइंगमध्ये, धातू पाहून.

जी-कोडची (मशीनला हालचाली सांगायच्या भाषेची) एक ओळ पाठवायची, मशीनचा ‘ओके’ आला की पुढची. बोर्डाची येणाऱ्या मजकुराची जागा जेमतेम १२८ बाइट. भराभर ओळी लोटल्या तर मधल्या गळतात आणि अक्षराचा कोपरा जातो. नवीन फाइल आधी डॉलर सी लावून तपासतो, म्हणजे मशीन जागचं न हलता चुकीची ओळ सांगतं. काम चालू असताना उद्गारचिन्ह दाबलं की टेबल जागा न चुकवता थांबतं. एंटरही लागत नाही. पण स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) फिरतच राहतं, म्हणून लाल स्विच हाताशी हवाच. कामाला येणाऱ्या पोरांना आम्ही हे पहिल्या दिवशी शिकवतो.

पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा टर्मिनलची खरी किंमत कळते. लिमिट स्विच बसवलेले आहेत, त्यामुळे लाइट आल्यावर डॉलर एच दिलं की मशीन आपला कोपरा शोधतं. कामाचा शून्यबिंदू जी-५४ या कप्प्यात ठेवला असेल तर तो बोर्डाच्या स्मृतीत शाबूत असतो. टूल तेच असलं तर प्लेट न हलवता उरलेलं काम पुढे नेता येतं.

पुढे नावाच्या पाट्या आल्या. टिळकवाडी, शहापूर, खानापूर, निपाणीपर्यंतची घरं मराठी आणि कन्नड दोन्ही मागतात. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं, हा नियम २०२४ मध्ये आल्यापासून कन्नडचं काम वाढलं. मराठीत शिरोरेषा लांब सरळ जाते, प्लेट जरा जरी तिरकी बसली तरी पहिल्यांदा तीच सांगते. कन्नडची वळणं बारीक, तिथे फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) कमी ठेवावा लागतो. म्हणून भावाने दोन लिपींसाठी दोन स्क्रिप्ट लिहिल्या. फाइलचं नाव, प्लेटची जाडी आणि लिपी दिली की बाकीचं स्क्रिप्ट करते. आता मोठं मशीन आलंय, तरी त्याच स्क्रिप्ट चालतात.

पॅटर्नची अक्षरं हवी असतील तर येताना डीएक्सएफ (ड्रॉइंगची) फाइल आणा आणि ओतायचा धातू आधी सांगा. तो कळल्याशिवाय आम्ही माप घेत नाही.