पिशवीत दोन सरकारं

आज मामांच्या हर्नियासाठी बेळगावात एका खासगी दवाखान्यात गेलो. काउंटरवर उत्तर मिळालं, "आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी आणा." रेशनकार्ड एपीएल (दारिद्र्यरेषेच्या वरचं), म्हणजे कर्नाटक सरकारच्या 'आरोग्य कर्नाटक' योजनेत सरकार देणार पॅकेजच्या फक्त ३० टक्के, बीपीएलला (रेषेखालच्यांना) ५ लाखांपर्यंत मोफत. (तीन एकर कोरडवाहू, तरी मामा एपीएल!) महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली होती, तो कागदही पिशवीतून काढला. काउंटरवरच्या पोरीनं उलटसुलट बघून कन्नडात विचारलं, "इदु यावुदु?" (हे कुठलं?)

माझ्या खासगी विम्यात मामा बसत नाहीत. माझाच हप्ता दरसाल फुगतोय. सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी गेला, तेवढीच हवा कमी.

मामा मात्र बाकावर भाकरीचं फडकं सोडून निवांत. "ह्यातलं कुठलं सरकार आपलं रं?"

परवा नऊला सरकारी दवाखान्याची रांग.