तिसरं चेंबर मागे राहतं

मालकाने पिशवीतून आधी परवाना काढला, मग .३२ बोअरचं, सहा चेंबरचं (फिरत्या सिलिंडरमधली काडतुसं बसायची भोकं) जुनं अमेरिकन रिव्हॉल्व्हर आणि शेवटी पाकिटातला कोरा हँड. आधीच्या कारागिराने निदान करूनच टाकलं होतं: हँड झिजलाय, बदला. तक्रार साधी नव्हती. रेंजवर उजव्या हाताला उभ्या असलेल्या नेमबाजाच्या गालाला शिशाची कणी लागली होती. डोळा थोडक्यात वाचला.

हँड म्हणजे चापाबरोबर वर सरकणारा पोलादी तुकडा. तो सिलिंडरच्या मागच्या दात्यांना ढकलतो आणि पुढचं चेंबर नळीसमोर आणतो. चेंबर तिथे पोहोचलं की खालून स्टॉप वर येऊन सिलिंडरच्या खाचेत बसतो. घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका देणारा भाग, पडायच्या आत स्टॉप खाचेत बसलेला असणं, यालाच टायमिंग म्हणायचं. तो बसला नाही तर चेंबर नळीच्या रेषेत येत नाही, गोळी नळीच्या तोंडाला कडेने घासत शिरते आणि सोललेलं शिसं फटीतून बाहेर उडतं.

मी आधी सहाही चेंबरं डोळ्यांनी पाहिली, मग बोटाने चाचपली, आणि काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवला. नोंदवहीत नंबर चढवल्यावरच हत्यार टेबलावर घेतलं.

नळीच्या मागच्या तोंडावर भिंग धरलं तर निम्मं काम तिथेच झालं. धरणाऱ्याच्या उजव्या बाजूला शिशाचा राखाडी थर चढला होता, डावी बाजू स्वच्छ. या धाटणीचा सिलिंडर मागून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे वरचं चेंबर उजवीकडून डावीकडे येतं. ते पोहोचायला कमी पडलं तर उजवीकडेच राहणार. जुन्या कोल्टमध्ये सिलिंडर घड्याळाच्या दिशेने फिरतो, तिथे हाच हिशोब उलटा करायचा. मालकाने जपून ठेवलेल्या, झाडलेल्या काडतुसांच्या सहा पुंगळ्यांपैकी पाचांवर घोड्याच्या पिनचा खड्डा बरोबर मध्ये होता, एकीवर कडेला. हँड झिजला असता तर खोट सहाही चेंबरांत कमीजास्त दिसली असती. माझा संशय तिथूनच हँडवरून उठला. मायक्रोमीटर लावला, तर जुन्या आणि नव्या हँडची जाडी सारखीच भरली. तो नवा हँड बसवून काहीच बदललं नसतं.

आधी साफसफाई. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या स्टारखाली (सिलिंडरच्या मागची चकती, दाते हिच्यावरच असतात) न जळलेल्या दारूचे कण अडकले होते. एवढ्याशा कणांनीही स्टार उचललेला राहतो आणि सिलिंडर जड फिरतो. ब्रशने ते काढल्याशिवाय घेतलेल्या कुठल्याही मापाला अर्थ नसतो.

मग फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या. सिलिंडर मागे दाबून नळीपर्यंतची फट ०.२५ मिमी, पुढे ओढून ०.१० मिमी. फरक ०.१५, म्हणजे सिलिंडर एवढा पुढेमागे खेळत होता. ०.०८ च्या वर मी कुणाला चालवू देत नाही. सिलिंडर पुढे सरकला की दाते हँडपासून लांब जातात, हँड दात्याच्या टोकालाच धरतो आणि ढकल अपुरी पडते. टायमिंगचा दोष वाटतो, पण मूळ या खेळात असतं.

आता खरी चाचणी. चेंबरांना पेनाने १ ते ६ आकडे घातले. डाव्या अंगठ्याने सिलिंडरला हलकासा रोध द्यायचा आणि घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा. आधी स्टॉपची ‘टक’, नंतर घोडा अडकल्याची ‘टक’ यायला हवी. झटक्यात ओढलं तर सिलिंडर स्वतःच्या वेगानेच खाचेपर्यंत जातो आणि दोष झाकला जातो. बहुतेक जण इथेच फसतात. रिकाम्या सिलिंडरवर २, ३ आणि ५ मागे राहिली. घोडा चढला तरी स्टॉप बसला नव्हता, बोटाने केसभर ढकलल्यावर बसला.

मी तिथे थांबलो नाही. जुन्या घडणीत स्टारला जागेवर धरायला दोन बारीक पिना असतात. त्यांची भोकं सैल झाली की रिकाम्या सिलिंडरवर स्टार किंचित फिरतो. चेंबरं भरलेली असली की पुंगळ्यांच्या भिंती त्याला आवळून धरतात. म्हणून सहाही चेंबरांत डमी, म्हणजे बिनदारूची नकली काडतुसं भरून पुन्हा तपासलं. २ आणि ५ सुधारली. ३ तसंच.

क्रेनच्या, म्हणजे सिलिंडर ज्यावर फिरतो आणि बाजूला उघडतो त्या बाहूच्या, नळीच्या टोकाशी ०.०५ मिमीचे दोन वॉशर घातले. तीन घातले असते तर खेळ शून्य होऊन सिलिंडर गरम झाल्यावर अडकला असता. आता खेळ ०.०५, फट ०.२० ते ०.२५. तिसरं चेंबर आणखी जवळ आलं, पण स्टॉप अजूनही बसेना.

राहिले दाते. तिसऱ्या चेंबरला वर आणणारा दाता त्या चेंबरच्या शेजारचाच असेल असं नाही, म्हणून अंदाजाने हात लावायचा नाही. सगळ्या दात्यांना मार्करची शाई लावली, तिसरं चेंबर एकदाच वर आणलं आणि शाई कुठे खरवडली ते पाहिलं. त्या दात्याची धार दबून गोल झाली होती, शेजारच्यांची शाबूत होती.

स्टार त्या त्या सिलिंडरला जुळवून बसवलेला असतो, दुसऱ्याचा आणून लावता येत नाही. झिजलेल्या दात्यावर भर घालण्यापेक्षा मी वेगळा मार्ग घेतला. त्या एका दात्याला पुरेल एवढा, जुन्याहून किंचित जाड हँड बसवला. साहजिकच उरलेल्या पाच दात्यांवर तो दाटू लागला, चाप शेवटी जड होऊ लागला. मग त्या पाचांना बारीक कानशीने एकेक घास: शाई लावायची, फिरवायचं, चकाकलेला ठिपका घासायचा, पुन्हा शाई. इथे घाई केली तर चांगला दाताच तिसऱ्यासारखा होऊन बसतो आणि तो परत येत नाही. या पाच दात्यांना अडीच तास लागले.

शेवटी चेंबर नळीच्या रेषेत आहे का ते पाहायला नळीच्या पुढून गेजची, म्हणजे नळीच्या मापाची सळई सोडली. सहाही चेंबरांत ती न अडखळता उतरली. दुसऱ्या दिवशी रेंजवर प्रत्येक पुंगळीच्या बुडावर चेंबरचा आकडा आणि वरची बाजू दाखवणारी रेघ ओढून बारा गोळ्या झाडल्या. रेघ नसेल तर पुंगळी बाहेर काढल्यावर खड्डा कुठल्या बाजूला सरकला होता ते सांगता येत नाही. दोन्ही फेऱ्यांत ३ नंबरचा खड्डा मध्यावर होता. उजव्या बाजूला उभा केलेला पांढरा पुठ्ठा काजळला, पण त्यात शिशाची एकही कणी रुतलेली नव्हती.

त्या बारा पुंगळ्या आणि पाकिटातला न वापरलेला हँड मी मालकाला परत केला.