व्यक्तिचित्रांची नोंदवही: म्हापसा ते नाझारे

मे

पोर्तुगालचे तिकीट सप्टेंबरचे आहे. तिथे मला माणसांचे फोटो काढायचे आहेत, आणि त्यासाठी हात आणि जीभ दोन्ही आधी सरावायला हवीत. म्हणून लांबून फोटो घेणारी ५५-२०० झूम लेन्स कपाटात ठेवली आणि माझ्या एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर २३ एमएम एफ/२ ही रुंद कोनाची लेन्स चढवली. फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) हिशोबात ती ३५ एमएम पडते. या लेन्सने माणूस फ्रेममध्ये मोठा हवा असेल तर त्याच्या चार-पाच फुटांवर उभे राहावेच लागते. इतक्या जवळ गेल्यावर बोलणे टाळता येत नाही, आणि मला तेच हवे आहे.

रस्त्यापलीकडून लांब लेन्सने टिपलेले ‘सहज’ चेहरे मला आता बघवत नाहीत. गोव्यात राहणाऱ्याला त्याची दुसरी बाजू रोज दिसते. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये लोकांनी घरांवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्या आहेत. २०२३ च्या जानेवारीत पर्यटन खात्याने तर सूचनाच काढली: अनोळखी लोकांचे, विशेषतः पोहणाऱ्यांचे आणि किनाऱ्यावर ऊन खात पडलेल्यांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय घेऊ नका. आपल्या दारात जे आपल्याला खुपते ते दुसऱ्याच्या दारात जाऊन करायचे नाही, एवढे पक्के आहे.

सराव म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. सध्या पुरुमेंताचे दिवस आहेत. पावसाळ्याच्या बेगमीसाठी सुके बांगडे, सुंगटे, मिरच्या, चिंच, सोलां (आमसुले), सगळे मांडलेले असते. पहिली फेरी कॅमेरा पिशवीत ठेवूनच मारते. काय घ्यायचे ते घेते, भाव विचारते, पाऊस कधी लागेल यावर बोलते. दुसऱ्या फेरीत कॅमेरा हातात दिसेल असा धरून विचारते, “मावशे, फोटो काडूं?” हात झटकला, मान फिरवली, पदर पुढे ओढला, तर तो नकार. पुन्हा विचारायचे नाही, आणि “एकच, एकच” तर कधीच नाही. सायलेंट शटरही मी बंद केले आहे. फोटो निघाला की समोरच्याला आवाज ऐकू आला पाहिजे.

सुके मासे विकणाऱ्या एका मावशीने हो म्हटले आणि लगेच विचारले, “आणि हा जाणार कुठे?” छापून तुम्हाला देईन, म्हटले. पोर्तुगालला नेऊन तिथल्या लोकांना दाखवला तर चालेल का, असेही विचारले. दोन्हीला हो. इंटरनेटवर मात्र नको: “मुलगी बँकेत कामाला आहे, तिला विचारल्याशिवाय नाही.” त्या दिवसापासून माझ्या वहीत प्रत्येक फोटोपुढे तीन रकाने आहेत: काढला, हातोहात दाखवायचा, नेटवर टाकायचा. तिन्हींची परवानगी वेगवेगळी मागते.

तांत्रिक नोंद: ताडपत्रीखाली सावळा चेहरा आणि मागे पांढरे आभाळ असेल तर एक्सपोजर +१ करून फोटो उजळावा लागतो. लेन्सचे छिद्र एफ/४ पुरते. चेहरा नीट येतो आणि मागची पाटीही ओळखता येते.

आषाढ

माशेलचा चिखलकाला. देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सगळे चिखलात. अशा ठिकाणी प्रत्येकाला विचारणे शक्य नाही आणि तशी कुणाची अपेक्षाही नसते. म्हणून खेळ रुंद चौकटीतून घेतला. एका मुलाचा चेहरा जवळून हवा होता, तेव्हा कडेला उभ्या त्याच्या वडिलांना आधी विचारले. लहान मुलांच्या बाबतीत हा नियम परदेशातही असाच ठेवणार आहे.

सप्टेंबर, लिस्बन

फोनवरचा फोटो जागच्या जागी छापणारा इन्स्टॅक्सचा छोटा प्रिंटर आणि त्याची मिनी फिल्म केबिन बॅगेत आणली. ही फिल्म आयएसओ ८०० ची, म्हणजे प्रकाशाला बरीच संवेदनशील आहे. चेक-इन सामानाच्या स्कॅनरमध्ये ती खराब होऊ शकते. सुरक्षा तपासणीत हाताने तपासायची विनंती केली. प्रिंटवरचे चित्र जेमतेम ६२ बाय ४६ मिलिमीटर असते आणि सावल्या काळ्या पडतात, म्हणून फोनवर फोटो थोडा उजळूनच छापावा.

निघण्यापूर्वी कायदा वाचला होता. पोर्तुगालच्या १९६६ च्या नागरी संहितेचे ७९ वे कलम सांगते की माणसाचे छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय प्रदर्शित करता, छापता किंवा विकता येत नाही. सार्वजनिक जागेच्या चौकटीत आलेल्या चेहऱ्यांना त्यात सवलत आहे. जर्मनीत असाच कायदा १९०७ पासून आहे. दोन्हींचा भर फोटो पुढे जातो कुठे यावर आहे. म्हापशाच्या मावशीने नेमके तेच विचारले होते.

मोरारिया भागात कॅमिला वॉटसन या ब्रिटिश छायाचित्रकार बाईंनी तिथल्या वयस्क रहिवाशांची छायाचित्रे थेट गल्लीतल्या भिंतींवर उमटवली आहेत. ज्यांचे चेहरे, त्यांचीच गल्ली. त्या भिंतींपाशी मी बराच वेळ थांबले. कॅमेरा फारसा काढला नाही.

नाझारे

पोर्तुगालच्या या मासेमारीच्या गावात किनाऱ्यावर बायका मासे वाळवतात. कारापाउ हा बांगड्यासारखा मासा पोट चिरून सपाट उघडलेला, मिठाच्या पाण्यातून काढलेला आणि जाळीच्या चौकटींवर उन्हात ओळीने मांडलेला. आपल्याकडचाच वास. सात परकरांचा पारंपरिक वेश अजूनही काही जणींच्या अंगावर दिसतो आणि सगळ्यांचे कॅमेरे तिकडेच वळतात.

मी आधी मासे विकत घेतले. पोर्तुगीज मला विचारण्यापुरते येते, त्यापुढे हातवारे. मग फोटो मागण्याआधी म्हापशाच्या मावशीचे छापील चित्र पुढे केले. मासेवालीने हात परकराला पुसले, चित्र उन्हात धरले आणि मावशीचा चेहरा सोडून टोपलीतले मासे न्याहाळले. मग शेजारणीला हाक मारली. दोघींचे बोटाने दाखवून काहीतरी ठरले. बहुधा आमचे मासे फार बारीक आहेत, हे. त्यानंतर ती स्वतःच चौकटीशेजारी जाऊन उभी राहिली.

दुपारचे ऊन डोक्यावर होते, म्हणून तिच्याच छत्रीच्या सावलीत घेतले. काळ्या कपड्यांनी फ्रेम भरली की मीटर फसतो आणि चेहरा पांढरा पडतो, म्हणून एक्सपोजर -२/३ ठेवले. प्रिंट उमटायला दीड मिनिट लागते, तेवढा वेळ दोघी त्यावर डोके जोडून उभ्या होत्या. शेजारणीने स्वतःच्या फोटोला नकार दिला. पहिल्या फ्रेममध्ये ती कडेला आली होती, म्हणून ती फ्रेम तिच्यासमोर कार्डाच्या दोन्ही स्लॉटमधून काढून टाकली आणि स्क्रीन तिला दाखवली. असे फोटो घालवल्याची मला हळहळ वाटत नाही. माझ्या मते या छंदातले निम्मे कौशल्य तिथेच आहे.

पैसे कुणी मागितले नाहीत, मीही देऊ केले नाहीत. माल घ्यायचा आणि प्रिंट द्यायची, हा व्यवहार मला सरळ वाटतो.

ऑक्टोबर

नाझारेचे मोजकेच फोटो प्रदर्शनासाठी मोकळे आहेत. बाकीचे वहीतल्या रकान्यांप्रमाणे घरीच राहतील. चांगल्या कागदावरच्या मोठ्या प्रती पोस्टाने पाठवायच्या आहेत. पत्ता मासेवालीने स्वतःच वहीत लिहून दिला आहे.

पुढचा बेत क्योटोचा. तिथल्या गिओन या जुन्या भागातल्या खासगी गल्ल्यांत २०१९ पासून फोटोबंदी आहे, १०,००० येन दंडाचे फलक आहेत, आणि २०२४ पासून काही गल्ल्यांत पर्यटकांना प्रवेशच नाही. गेइकोंच्या (क्योटोतल्या गेशांच्या) मागे धावणाऱ्यांमुळे ही वेळ आली. त्यामुळे गिओन यादीतून काढले. छोटे दुकानदार आणि कारागीर यांच्याकडे जाणार आहे. कुणी तिथे दुकानात बसून व्यक्तिचित्रे काढली असतील तर दोन गोष्टी कळवा: विचारायला दिवसातली कुठली वेळ बरी, आणि जागच्या जागी दिलेली प्रिंट त्यांना आवडते की अवघडल्यासारखे होते?