काल विषम, आजही विषम

सम-विषम पार्किंगच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना एक हिशोब तोंडपाठ असतो. पी-1 ची पाटी असलेल्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी-2 च्या बाजूला सम तारखेला. आज इकडे, उद्या तिकडे. पण 31 नंतर 1 तारीख येते आणि दोन्ही विषम. त्या रात्री गाडी जागची हलवायची नसते. असं वर्षातून सात वेळा होतं, लीप वर्षात 29 फेब्रुवारी धरून आठ वेळा. त्या सकाळी आमच्या रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्या नुसत्या सवयीने पलीकडे गेलेल्या असतात, म्हणजे खरं तर त्याच चुकीच्या बाजूला असतात. माझी गाडी बरोबर बाजूला होती आणि चलन मला आलं.

मेसेज आला तेव्हा आधी विश्वासच ठेवला नाही. हल्ली व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ अशा नावाच्या एपीके फाइल, म्हणजे उघडल्या की फोनवर ॲप बसवणाऱ्या फाइल, फिरतात. त्या उघडून लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. त्यामुळे लिंकला हात न लावता ई-चलनाचं सरकारी पोर्टल, पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ते, स्वतः टाइप करून उघडलं. गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात (आरसी जवळ घेऊन बसा, ते कुणालाच पाठ नसतात). चलन खरंच होतं. नो पार्किंग, 500 रुपये, तारीख 1, सकाळची वेळ, ठिकाण म्हणून नुसतं रस्त्याचं नाव. कुठली बाजू, कशासमोर, काही नाही.

फोटो मोठा करून पाहिला. माझ्या गाडीची मागची बाजू, नंबर प्लेट, एक चाक. पलीकडे अर्धवट खाली ओढलेलं निळं शटर आणि त्यावर पांढऱ्या रंगात रंगवलेला शटर दुरुस्तीवाल्याचा मोबाइल नंबर. बास. पाटीचा पत्ता नाही.

माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. फोटोत गाडी दिसते, गुन्हा दिसत नाही. सिग्नल तोडला तर फोटोत निदान लाल दिवा येतो, हेल्मेट नसेल तर उघडं डोकं येतं. पार्किंगचं तसं नाही. तीच गाडी त्याच जागी आज कायदेशीर आणि उद्या बेकायदा, आणि हे ठरवणारी पाटी मात्र फोटोच्या चौकटीबाहेर. पण ‘फोटो आहे म्हटल्यावर आता काय बोलणार’ असं म्हणून लोक भरून मोकळे होतात. घरीही तेच ऐकलं. पाचशे रुपयांसाठी कशाला डोकं लावतेस?

पण प्रश्न फक्त पाचशेचा नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 प्रमाणे पहिल्या वेळी 500 आणि त्यानंतर 1500. महाराष्ट्रात हे वाढीव दर डिसेंबर 2021 पासून आहेत. चुकीचं चलन निमूटपणे भरलं, की तो आपला पहिला गुन्हा ठरतो आणि पुढच्याची सुरुवातच तिपटीने होते. शिवाय, खरं सांगायचं तर, मला राग आला होता. पैसे भरून तो गेला नसता.

मग पुरावा गोळा करायला लागले. निळं शटर आणि पी-1 ची पाटी एकाच फोटोत आली पाहिजे, एवढंच काम होतं. शटर सापडलं. पाटी त्याच्याजवळच होती, पण तिच्या निम्म्या भागावर एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला. ‘पी’ दिसत होता, ‘1’ भाऊंच्या खांद्यामागे. चलन करणाऱ्याला तरी पाटी कशी दिसली असेल, हा प्रश्न तेव्हाच पडला. शेवटी खांबाला जवळजवळ चिकटून, फोन खाली धरून, फ्लेक्सच्या खालून फोटो काढला. पाटी आली, बाण आला, शटरवरचा नंबरही आला. माझ्याकडे बघत उभ्या राहिलेल्या इस्त्रीवाल्याला वाटलं असेल, बाई फ्लेक्सची तक्रार करणार. ती मी नंतर केलीच.

ऑनलाइन तक्रार करताना सुरुवातीला मी निबंध लिहिला होता. ओळखीतल्या एका वकिलांनी तो चार ओळींवर आणला. अमुक क्रमांकाचं चलन, तारीख 1, म्हणजे विषम, जागा पी-1 च्या बाजूची, सोबत फोटो. ‘बाकी तुमचा संताप तुमच्याजवळ ठेवा,’ म्हणाले. त्यांनीच आणखी एक सुचवलं. सम-विषम पार्किंग असंच कुणी पाटी ठोकून सुरू करत नाही, त्यामागे वाहतूक शाखेचा लेखी आदेश असतो. तो माहितीच्या अधिकारात मागा. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराला 30 दिवसांची मुदत. मी तोही अर्ज टाकला.

ऑनलाइन तक्रारीचं उत्तर आधी आलं. एका ओळीचं. चलन नियमानुसार आहे. कुणी पाहिलं, काय पाहिलं, फोटो उघडला की नाही, कशाचाच उल्लेख नाही.

त्यानंतर वाहतूक शाखेत प्रत्यक्ष जाणं आलं. खिडकीवरचे हवालदार वागायला चांगले होते, पण त्यांचा सल्ला ठरलेला. ‘मॅडम, पाचशेच तर आहेत, भरून टाका. नाहीतर लोकअदालतीत या, तिथे काहीतरी तोडगा निघेल.’ लोकअदालतीचा मेसेज मला येऊनही गेला होता. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. कोर्ट फी नाही, एका दिवसात विषय संपतो, आणि ज्यांची खरोखर चूक झाली आहे त्यांची चांगली सोय होते. पण तिथे होते ती तडजोड, आणि तडजोडीसाठी आधी काहीतरी देणं आहे हे मान्य करावं लागतं. एकदा निवाडा झाला की त्यावर अपीलही नाही. मला कमी करून नको होतं, रद्द करून हवं होतं.

माझ्या मागे रांगेत एक टेंपोवाले दादा होते. माझी कटकट ऐकून म्हणाले, ‘ताई, तुमचं एकच आहे.’ आणि फोन पुढे केला. अंगठ्याने यादी वर सरकवत राहिले, संपेना. जवळजवळ सगळी माल उतरवताना झालेली. बाजारपेठेत माल उतरवायला वेगळी जागा नाही, गाडी लांब लावली तर हमाल जास्तीचे पैसे मागतो, दारात लावली तर फोटो निघतो. जुलै 2025 मध्ये वाहतूकदारांनी ई-चलनाच्या विरोधात संप केला होता, त्यातलं एक गाऱ्हाणं हेच होतं. बातम्यांत वाचलं तेव्हा मला ते मोठ्या ट्रकवाल्यांचं दुखणं वाटलं होतं. ‘तुम्ही फोटो घेऊन आलात,’ दादा म्हणाले, ‘मी त्या वेळेला पोती मोजत असतो. कुठून आणू फोटो?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माहिती अधिकाराचं उत्तर मुदतीच्या आत आलं, हे नोंदवलं पाहिजे. आदेशाची झेरॉक्स. त्यात रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत, आणि विषम तारखेला कुठली बाजू, हे स्वच्छ लिहिलेलं होतं. ती जोडून लेखी अर्ज केला, आवक शिक्का मारून एक प्रत ताब्यात घेतली, आणि या वेळी थेट निरीक्षकांना भेटायचं म्हणून बाकावर बसून राहिले.

भेट अगदी छोटी झाली. त्यांनी चलनाची प्रिंट हातात घेतली आणि पहिलंच वाक्य टाकलं, ‘आदल्या दिवशीही गाडी तिथेच होती म्हणता, मग बदलली का नाही?’ मी म्हटलं, ‘साहेब, आदल्या दिवशी 31 होती.’ ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले, मागचं पान उलटलं, पुन्हा पुढचं पाहिलं. बाजूला उभ्या असलेल्या हवालदारांनीही पाहिलं. मग निरीक्षक हसून त्यांना म्हणाले, ‘त्या दिवशी अशी अजून किती केली रे आपण?’ कुणी काही बोललं नाही. अर्जाच्या कडेला त्यांनी शेरा लिहिला, सही केली, आणि ज्यांनी चलन केलं त्यांचा खुलासा मागवून रद्द करतो म्हणाले.

पुढे ते खरंच रद्द झालं. कळवलं मात्र कुणी नाही. मी आपली अधूनमधून पोर्टल उघडून बघत होते, एक दिवस ते प्रलंबित चलनांच्या यादीत नव्हतं. गाडी जुनी आहे, लवकरच विकायची आहे, आणि घेणारा आधी चलनंच तपासतो. म्हणून कोरी यादी दिसणारा स्क्रीनशॉट, शिक्क्याची प्रत आणि त्या आदेशाची झेरॉक्स गाडीच्या कागदांबरोबर ठेवली आहे. आदेशाची आणखी एक प्रत सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावली. त्यावरून दोन शेजाऱ्यांना आपणही त्याच तारखेचं चलन भरून टाकल्याचं लक्षात आलं. भरलेले पैसे परत कसे मागायचे, हे विचारायला ते आता त्याच खिडकीवर जाणार आहेत. फ्लेक्सबद्दलचा माझा अर्ज पालिकेत अजून पडून आहे. फ्लेक्स बदलला आहे, आता दुसऱ्या भाऊंचा वाढदिवस आहे.