दहीपूल ते मखमलाबाद: जमिनीच्या नावांचा माग

रविवार कारंजावरून मेन रोडला लागलं की जुन्या नाशिकची नावं एकेक करून समोर येतात. तांबट लेन, हुंडीवाला लेन, पगडबंद लेन. जिथे जो धंदा चालायचा, त्यावरून लोकांनीच गल्लीला नाव दिलं. दहीपुलावर उभं राहिलं तर खाली सरस्वती नाला आहे याचा पत्ता लागत नाही. पण पावसाने झोडपलं की सराफ बाजारात पाणी भरतं, आणि इथे पूल का होता ते तेव्हा कळतं.

मला जास्त ओढ होती ती शरणपूरची. आज शरणपूर रोडवर दवाखाने, शोरूम आणि ऑफिसांची गर्दी आहे. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने तेव्हाच्या शहराबाहेर ही वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना इथे आसरा मिळाला, शिक्षण मिळालं. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या प्रसिद्ध मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव तिथल्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबीत दफनाच्या वेळीही हजर होता. तो नाशिकला शिकला होता! या रस्त्याने रोज जाणाऱ्या मुलांना कुणीतरी हे सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

तिथून रिक्षाने मखमलाबादला गेले. १९८२ मध्ये महापालिका झाली आणि भोवतालची गावं शहरात आली. रस्त्याच्या एका अंगाला द्राक्षबाग, दुसऱ्या अंगाला बांधकामाची हिरवी जाळी. गावठाणातल्या एका ओट्यावर बसलेल्या बाबांना मी विचारलं, "बाबा, इथल्या शेतांची नावं काय?"

"ताई, सातबारा वाचता येतो ना?" म्हणत त्यांनी नातवाला हाक मारली. नातवाने उतारा आणून दिला. वर गट नंबर, त्याच्या जवळ भूधारणा पद्धती आणि एक छोटा रकाना: शेताचे स्थानिक नाव. बाबांच्या उताऱ्यात तिथे लिहिलं होतं, 'चिंचेचं'. चिंच कधीच पडलीय, नाव मात्र राहिलंय.

शेजारच्या गटाचं साठेखत झालं, मग खरेदीखत, मग बिगरशेती. मोजणीवाले आले, ले-आउट मंजूर झाला, प्लॉट पडले. शेत असताना त्याला 'खळ्याचं' म्हणायचे. आता प्लॉटच्या उताऱ्यांवर तो रकाना कोरा आहे आणि बाहेर कमानीवर इंग्रजी नाव झळकतंय.

जमीन विकणाऱ्याला मी बोल लावणार नाही. पाण्याची चिंता, बागेचा खर्च, भावाभावांतल्या वाटण्या. गुंठ्याचा भाव ऐकला की कुणाचंही मन हलेल. पण जमीन विकताना नाव विकावं लागत नाही. कॉलेज रोडजवळ विसे मळा आजही त्याच नावाने ओळखला जातो. तिथे मळा उरलेला नाही, तरी रिक्षावाल्याला नेमका पत्ता कळतो. ले-आउटमध्ये रस्ते आणि मोकळी जागा सोडावीच लागते. त्या रस्त्याला शेताचं नाव द्यायला एक पैसा लागत नाही. त्यासाठी महापालिकेकडे कुणीतरी मागणी तेवढी करायला हवी.

बाबांचा धाकटा भाऊ आपला हिस्सा विकायच्या विचारात आहे. व्यवहार व्हायच्या आधी अर्ज करून ठेवावा, असं मी म्हटलं. बाबांनी लगेच वहीचं पान फाडून पुढे केलं, "तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं असंल." मी विषय लिहिला: 'ले-आउटमधील रस्त्यास "चिंचेचं शेत मार्ग" असे नाव देणेबाबत.' खाली गट नंबर टाकला, सातबाराची प्रत सोबत जोडल्याचं लिहिलं. बाबांनी सही केली. नातू तोवर झेरॉक्स काढायला निघालाही होता.